झोन आठचं बटण

गेल्या अठरा वर्षांत ठाण्यापासून कल्याणपर्यंत किती घरांत चोरांसाठी अलार्म बसवले, याची मोजदाद उत्तम घोसाळकरकडे नाही. सराफांच्या पेढ्या झाल्या, दवाखाने झाले, डोंबिवलीतले बंगले झाले. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला तो नव्हे. वायर, बॅटरी आणि सिग्नल, एवढंच तो मानतो. म्हणूनच ऑक्टोबरातल्या त्या दुपारची गोष्ट तो सहसा कुणाला सांगत नाही. सांगितली की समोरचा हटकून विचारतो, "बॅटरी खरंच काढलेलीस का रे?"

काढलेली होती. ती त्याच्या पायाशी पडली होती.

ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, चहूबाजूंनी उठलेल्या टॉवरांच्या मधोमध, सुझाना आंटीचं बैठं घर आहे. कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेली तिची मुलगी बियांका, तिनेच उत्तमला बोलावलं होतं. घरातला जुना अलार्म टेलिफोनच्या लाइनवर चालायचा. आता सिमकार्डवर चालणारा नवा बसवायचा, म्हणजे आईच्या घराचं दार उघडलं-लागलं तरी लेकीला मोबाइलवर कळेल. दोन-तीन तासांचं काम.

उत्तमने जाताच कंट्रोल रूमला फोन लावला. कंपनीची कंट्रोल रूम नौपाड्यात. तिथे रात्रंदिवस कुणीतरी स्क्रीनसमोर बसलेलं असतं. कुठल्या घरातून सिग्नल आला की आधी घरी फोन, मग पोलिसांना. त्या दुपारी प्रियांका होती.

"प्रियांका, सुझाना आंटींची साइट टेस्टवर टाक. काम चालू करतोय."

"टाकली दादा. आता काही आलं तरी मी फोन करणार नाही कुणाला."

भिंतीवरचा जुना लोखंडी डबा, म्हणजे अलार्मचं पॅनल, उतरवताना आंटी शेजारी येऊन उभी राहिली. साठी-पासष्टीची, बुटकी, हसऱ्या चेहऱ्याची बाई.

"माझ्या नवऱ्याने, गॅब्रिएलने लावलेला हा," ती म्हणाली. "लकवा झाला नि त्याचा आवाजच गेला. मग पलंगाशी बटण लावून घेतलं. ते दाबलं की तुमच्या त्या कंट्रोलच्या पोरी मला फोन करायच्या. आंटी, बघा जरा, काका बोलावतायत! मी आपली मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असायची."

"ते बटण काढू का भिंतीतलं?"

"नको रे बाबा. प्लास्टर निघेल. चार वर्षं झाली त्याला जाऊन, कुणाला त्रास आहे त्याचा?"

उत्तमने डब्यातली बॅटरी काढली, टेलिफोनची लाइन काढली, सगळ्या झोनच्या, म्हणजे एकेका सेन्सरच्या नि बटणाच्या, वायरी कापल्या. डबा आणि बॅटरी बाजूला ठेवली. मग आंटीला म्हणाला, "आंटी, घरातल्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घ्या. सेन्सर जोडताना बंद लागतात."

तिने एकेक करून खिडक्या लावल्या आणि चहा टाकायला आत गेली.

खिडक्या लागल्यावर घराचा आवाजच बदलला. रस्त्यावरच्या रिक्षा, समोरच्या टॉवरचं ड्रिलिंग, सगळं एकदम लांब गेलं. पुढचं दार तेवढं उघडं होतं. उत्तम दारात स्टुलावर चढून सेन्सर चिकटवत राहिला. उकाडा होता. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. चहा काही आला नाही.

नवं पॅनल बसवून झालं. आता स्वयंपाकघराच्या दाराशी जो प्लग होता त्याचं बटण दाबलं की ते सुरू होणार. तो तिकडे निघाला आणि मोबाइल वाजला.

"दादा, तुम्ही झोन आठ टेस्ट करताय का?"

"कुठलं आठ? नव्याला सहाच आहेत."

"नव्याचं नाही. जुनं पॅनल. इमर्जन्सी बटण, बेडरूम."

"जुनं पॅनल माझ्या पायाशी पडलंय, प्रियांका."

ती हळूच म्हणाली, "परत आलं... दादा, हे तिसऱ्यांदा येतंय."

उत्तमने खाली पाहिलं. डबा उघडा, आत कापलेल्या वायरींची टोकं, बाजूला बॅटरी. एखादा जुना सिग्नल लाइनीत अडकला असेल, असं तो बोलणार होता. तेवढ्यात बेडरूमच्या अर्धवट लोटलेल्या दारामागून आवाज आला.

टक्.

त्याने दार ढकललं. खोलीत अंधार नव्हता, पण पडदे ओढलेले असल्यामुळे उजेड मळका वाटत होता. पलंगावर चादर नीट घातलेली. आणि वास... आजाऱ्याच्या खोलीत असतो तसा, निलगिरीच्या तेलाचा, डेटॉलचा, उबट. पलंगाच्या उशाशी भिंतीत ते पिवळं पडलेलं बटण होतं.

ते आत गेलेलं होतं. दाबलेलं.

"दादा?" कानाशी प्रियांका कुजबुजली. "चौथं..."

उत्तमच्या डोळ्यांदेखत बटण हळूहळू बाहेर आलं. बोट उचलावं तसं. क्षणभर थांबलं. आणि पुन्हा आत गेलं.

टक्.

पळावं असं मनात आलं, पण पाय उचलेनात. आणि तसाच उभा असताना त्या निलगिरीच्या वासाखालून दुसरा वास त्याच्या नाकात शिरला. हा मात्र त्याच्या ओळखीचा होता. पलंगापलीकडच्या दारातून येत होता. ते दार स्वयंपाकघरात उघडत होतं.

गॅस.

"आंटी!"

फोन पलंगावर टाकून तो धावला. सुझाना आंटी ओट्याखाली आडवी पडली होती. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बर्नर नुसता सूं करत होता. उत्तमने श्वास रोखून रेग्युलेटर बंद केला, खिडक्या भडाभड उघडल्या, मागचं दार उघडलं आणि तिला काखेत धरून अंगणात ओढत आणलं. तोंडावर पाणी मारलं. हाका मारल्या. शेजारचे धावत आले.

तिने डोळे उघडले तेव्हा उत्तम जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. खिडक्या त्यानेच लावायला सांगितल्या होत्या. आणि प्रियांकाचा फोन आला नसता तर दाराशी असलेल्या त्या प्लगचं बटण त्याने दाबलं असतं. एक ठिणगी पुरली असती.

साखर एकदम उतरली आणि चक्कर आली, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत आंटी घरी आली. ऑफिसात साहेबांनी सांगितलं, सर्व्हरचा घोटाळा असणार, जुने सिग्नल कधीकधी उशिरा येतात. प्रियांकाने मान डोलावली. उत्तमनेही डोलावली. बाई जगली होती. बाकी कशाची चौकशी करायची त्याला गरजच वाटत नव्हती. कितीतरी दिवसांनी तो त्या रात्री गाढ झोपला.

शनिवारी तो उरलेलं काम पुरं करायला गेला. बियांका रजा काढून आली होती. "दादा, तुमचे उपकार..." म्हणत तिने त्याचे दोन्ही हात धरले. आंटीने त्याला आग्रहाने जेवायला वाढलं, फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, नि मटण. घरभर खिडक्या उघड्या होत्या, वारा खेळत होता, मायलेकी स्वयंपाकघरात कशावरून तरी खिदळत होत्या. उत्तमला वाटलं, इतकं हलकं आपल्याला कुठल्याच घरात वाटलं नाही.

जेवण झाल्यावर त्याने नवं पॅनल सुरू केलं आणि प्रियांकाला फोन लावला.

"सगळे दिसतायत दादा," ती म्हणाली. "एक ते सात, सगळ्यांची बॅटरी फुल."

"सहा."

"सात आहेत. सातवा दाराचा आहे. उघडा दाखवतोय. त्याला नाव काय देऊ?"

उत्तमने पॅनलच्या छोट्या स्क्रीनकडे पाहिलं. त्याने सहाच सेन्सर आणले होते, सहाच लावले होते. तरी सातव्या ओळीत अक्षरं होती: दरवाजा, उघडा.

तो उठला. पुढचं दार बंद होतं. मागचं बंद होतं. बेडरूमची दोन्ही, बाथरूमचं, स्वयंपाकघराचं, एकेकाला त्याने हात लावून पाहिलं. सगळी बंद. या घराला सातवं दार नाही.

तो परत पॅनलपाशी आला. आतून मायलेकींचं हसणं ऐकू येत होतं.

त्याच्यासमोर स्क्रीन एकदा लुकलुकला. सातव्या ओळीतली अक्षरं बदलली.

दरवाजा, बंद.

"दादा," प्रियांका म्हणाली, "कोण आत आलं?"