सापडेना तो सांधा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय. मामा गिलाव्याची कामं करतो. थापा मारतो त्या फक्त भिंतीवर.

भरदुपार होती. भुताखेतांनी निदान अंधाराची तरी वाट बघावी ना... तेवढीही नाही.

एका जोडप्याने मागची खोली हॉलमध्ये घेतली होती. मधली भिंत पाडली, तिच्यातलं दारही गेलं. पण छत दोन तऱ्हेचं. हॉलचं गुळगुळीत, खोलीचं दाणेदार. मधे भिंतीच्या जागी उघडा पट्टा.

"सांध्यावर लाकडी पट्टी ठोकू का?" मामाने विचारलं. सगळे तसंच करतात.

"छे! इथे भिंत होती हे कळताच कामा नये," मालक म्हणाला आणि कामावर गेला. मालकीण स्वयंपाकघरात होती.

मामा घोड्यावर, म्हणजे उंच लाकडी तिवईवर, चढला. दाणा जुळवताना तो डोळे मिटायचा. एका हाताने जुनं छत चाचपायचा, दुसऱ्याने नवं. दाणा हळूहळू विरवत गुळगुळीत भागात मिसळायचा. "डोळा फसतो रे, हात फसत नाही."

काम झकास उतरलं. त्याने शेवटचा हात फिरवला...

आणि रस्त्याचा आवाज बंद झाला.

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचाही...

मामाने डोळे उघडले.

समोर भिंत होती.

जुनी, डागाळलेली, सलग. दार नाही. मागे खिडकी, तिला जाड गज.

 खाली उतरून त्याने भिंतीवर बुक्क्या मारल्या. घसा फुटेस्तोवर ओरडला.

तेवढ्यात अगदी कानाशी मालकिणीचा आवाज आला. "अहो मिस्त्री, हवेत काय चाचपडताय?"

"वहिनी, मला बाहेर काढा!"

"मिस्त्री, काहीतरी बोला हो. मला भीती वाटतेय."

तिला काही ऐकूच जात नव्हतं.

हवा कोंदट होत चालली. आणि मागे कुणीतरी... श्वास घेतला.

मामाने वळून बघितलं नाही. भिंतीची खूण पुसली आणि भिंत आली, एवढंच त्याला सुचलं. तो घोड्यावर चढला, लोखंडी पत्ती घेतली आणि ओला सांधा वेड्यासारखा खरवडू लागला. पट्टा उघडा पडला...

भिंत नव्हती. मालकीण समोर उभी होती.

हत्यारं गेली खड्ड्यात! मामा तसाच पळाला.

गोष्ट इथेच संपती तर किती बरं झालं असतं.

मालकाने दुसरा कारागीर आणून सांधा पुन्हा जुळवून घेतला. थोड्याच दिवसांत वहिनींचा फोन आला. रडत होत्या.

"सांधा कुठे लागतो का, म्हणून सकाळी यांनी छतावर हात फिरवला, तेव्हापासून हे हवेत हात मारताहेत. तोंड हलतंय, आवाज नाही. आम्ही ओढून अंगणात आणलं... तरी तसेच."

मामा पत्ती घेऊन धावला. घोड्यावर चढला, डोळे मिटले, छतावर हात फिरवला. इकडून तिकडे. पुन्हा. पुन्हा.

सांधा सापडेना.

मग अख्खं छत खरवडून काढलं. भिंतीची खूण... कुठेच नव्हती.

वहिनी आता नवऱ्याला हाताने घास भरवतात. तो गिळतो. हात मात्र हवेत चालूच.

मामाने सांधे जुळवायची कामं कायमची सोडली. मी एकदा विचारलं, मालक बरे आहेत का?



"मी तर सुटलो रे," मामा म्हणाला. "ते अजून आतच आहेत. आणि आत... ते एकटे नाहीत."