रात्री लोणचं घालणारं झाड

"पानफुटी मेली आहे," झारी म्हणाली. "श्वास शून्य. उद्या दुपारी हिला खताच्या खड्ड्यात न्यावं लागेल. मला फार वाईट वाटतंय."

झारी म्हणजे अकोल्यातल्या आमच्या उंच इमारतीची यंत्रमाळीण. तीन चाकं, पोटात पाण्याची टाकी आणि नाकाच्या जागी लांब सोंड. रोज भर दुपारी ती घरोघरच्या गॅलऱ्यांत फिरते, प्रत्येक झाडाला सोंड लावते आणि पानांतून किती वाफ बाहेर पडते ते मोजते. वाफ कमी, म्हणजे झाड तहानलेलं. मग पाणी!

माझी नात शाल्मली कुंडीला कवटाळून बसली. "मेलेली पानं अशी गुबगुबीत असतात का गं? आणि सगळ्यांत जास्त पाणी तू हिलाच घालतेस!"

"हो ना," झारी म्हणाली. "रोज दुपटीनं. तरी श्वासच घेत नाही."

ही पानफुटी शाल्मलीच्या आईची. आई चंद्रावरच्या तळावर कामाला गेली, तेव्हा कुंडी लेकीच्या हातात देऊन म्हणाली होती, "मी येईपर्यंत हिला सांभाळ. आणि नानांनाही."

नाना म्हणजे मी. मी ठणठणीत होतो. पानफुटीचं खोड मात्र खालून पिवळं आणि मऊ पडलं होतं.

"शालू, ती मेलेली नाही," मी म्हणालो. "दिवसा ती दम धरून बसते. श्वास घेते रात्री. आणि रात्रभर लोणचं घालते!"

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "नाना, आज तरी थाप नको."

आता यात तिची काय चूक? आदल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, की तरुणपणी मी शनीच्या कड्यावर सायकल चालवली आणि पंक्चर काढायला गुरूपर्यंत ढकलत न्यावी लागली. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस मी. पण खरं बोलायची वेळ आली, तर घरात कोणी ऐकेना!

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हणालो. "झाडालाच विचार."

उन्हं कलल्यावर आम्ही पानफुटीच्या एका पानाचा छोटा तुकडा कापला. त्याचा रस निळ्या लिटमस कागदावर (आंबट पदार्थ लागला की लाल होणाऱ्या कागदावर) चोळला. कागद निळाच राहिला.

"झालं?" शाल्मलीनं विचारलं.

"अर्धंच. उरलेलं सकाळी."

सकाळी ती माझ्याआधी उठून कात्री घेऊन उभी. त्याच पानाचा दुसरा तुकडा, त्याच पुडीतला कागद. रस लागला आणि कागद लालबुंद!

"नाना! रात्रीतून आंबट झालं!"

"कोणी केलं?"

"मी नाही."

"मीही नाही. माझ्या गुडघ्यांना रात्री उठणं जमत नाही."

ती हसली. मग मी तिला समजावलं.

पानांना पर्णरंध्रं (डोळ्यांना न दिसणारी बारीक दारं) असतात. त्यांतून झाड कार्बन डायऑक्साइड (आपण उच्छ्वासात सोडतो तो वायू) आत घेतं आणि उन्हाच्या मदतीनं त्याचं अन्न करतं. बहुतेक झाडांची दारं दिवसा उघडी असतात. पण दार उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन पळतं.

"अकोल्याच्या उन्हात तर पळणारच," शाल्मली म्हणाली.

"म्हणून पानफुटी, कोरफड, निवडुंग यांच्यासारखी झाडं दिवसा दारं लावून घेतात. रात्री हवा गार झाली की उघडतात आणि वायू आत घेतात. पण रात्री ऊन कुठलं? मग अन्न कसं करणार?"

तिनं लाल कागदाकडे पाहिलं. "साठवायचं! आपण कैऱ्या साठवतो तसं!"

"शाबास! त्या वायूपासून मॅलिक आम्ल (हिरव्या सफरचंदाला आंबट करणारा पदार्थ) तयार करून पानात भरून ठेवायचं. दिवसा दारं बंद करून बरणी उघडायची. आम्लातून वायू सुटतो, बाहेर ऊन असतंच, चालला स्वयंपाक! संध्याकाळी बरणी रिकामी."

"म्हणून काल कागद निळा!" मग तिनं कुंडीतल्या ओल्या मातीत बोट खुपसलं. "नाना, झारी दुपारीच मोजते. दारं बंद असताना."

"आणि तहानलेली समजून पाणी घालते. या जाड पानांत पाणी आधीच साठवलेलं. मुळं चिखलात बुडाली, त्यांना हवा मिळेना, ती कुजली."

दुपारी झारी आली. शाल्मलीनं दोन्ही कागद तिच्यापुढे धरले आणि सगळं सांगितलं. झारीची सोंड खाली झुकली.

"म्हणजे मीच हिला आजारी पाडलं? माया करून?"

"तुला माहीत नव्हतं," शाल्मलीनं तिची सोंड कुरवाळली. "मलाही नव्हतं."

कुजलेलं खोड वाचलं नाही. आम्ही वरची निरोगी पानं काढून कोरड्या, भुसभुशीत मातीवर आडवी ठेवली.

"मी काय करू?" झारीनं विचारलं.

"थांब. माती पुरती कोरडी होईपर्यंत पाणी नाही."

"थांबणं हे काम आहे?"

"सगळ्यांत अवघड," मी म्हणालो.

झारी रोज यायची, सोंड पाठीशी वळवून नुसती उभी राहायची. पोटातलं पाणी अस्वस्थपणे डुचमळायचं. आणि एके दिवशी तीच ओरडली. पानाच्या कडेला, प्रत्येक खाचेत, मोहरीएवढी हिरवी पिल्लं फुटली होती!

रविवारी पडद्यावर आई दिसली. शाल्मलीनं पान उंच धरलं. आईनं पडद्याजवळ येऊन पिल्लं मोजली. मग म्हणाली, "पुढच्या यानातून यातलं एक पिल्लू पाठवशील? इथं पाणी मोजून मिळतं. माझ्या खोलीत असलंच झाड जगेल."

झारी लगबगीनं पडद्यापाशी आली. तिला काळजी पडली होती.

"पण तिथं हिला पाणी न घालायला कोण आहे?"

"आई आहे की," शाल्मली म्हणाली.