यांगझोमचा तिसरा मुद्दा

का?

धुकं इतकं दाट होतं की कडुनिंब दिसायच्या आधी ऐकू आला. म्हणजे कडुनिंब नव्हे... त्याच्यासमोर कुणीतरी वाजवलेली टाळी.

सारनाथच्या तिबेटी संस्थेतली जानेवारीची सकाळ. जेवणघरातले गरम टिंगमो, ते वाफवलेले पांढरे पाव, लांब छुबा-झग्याच्या घडीत पोटाशी धरून यांगझोम वर्गाकडे निघाली होती. ऊब पोटाला मिळत होती आणि वास नाकाला, त्यामुळे तिला घाई नव्हती. टाळीमागोमाग पाय आपटल्याचा आवाज आला आणि मग एक पुरुषी गळा, जरा जास्तच जोरात:

"धी! विषय आहे घडा. तो अनित्य आहे. का, तर तो घडवलेला आहे."

झाड काय बोलणार?

यांगझोम बुंध्याच्या पलीकडे उभी राहिली. आवाज जाड केला.

"का?"

मग तोच गळा, आता पुष्कळच लहान झालेला: "का म्हणजे... कुंभाराने केला म्हणून."

"कारण सिद्ध नाही. कोण कुंभार?"

"आमच्या कॅम्पाजवळचा. तो..." इथे त्याला शंका आली. तो बुंध्याला वळसा घालून आला. भुवयांवर दव, मानेला दोनदा गुंडाळलेला मफलर, आणि चेहऱ्यावर अशी निराशा, की जणू खरंच झाड बोललं असतं तर त्याला जास्त आवडलं असतं.

"मला वाटलं, बोधिवृक्ष आहे."

"कडुनिंब आहे," यांगझोम म्हणाली.

"तरीच कडू बोलला."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने एक टिंगमो काढून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो आधी दोन्ही गालांना लावला, ऊब घेतली आणि मग खाल्ला. नंतर कितीतरी दिवस टिंगमो हातात आला की तिला ते गाल आठवायचे... पण ते नंतर.

त्याचं नाव लोदो. कोल्लेगालच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पातला, मक्याच्या शेतावर वाढलेला, तिच्याहून वयाने मोठा आणि वर्गाने एक पायरी मागे. वादाच्या अंगणात त्याच्याशी जोडी जमवायला कुणी तयार नसायचं, म्हणून त्याने झाड गाठलं होतं.

त्या अंगणाची रीत सोपी आहे. विचारणारा उभा, उत्तर देणारा खाली बसलेला. उभ्याने 'धी!' अशी आरोळी देऊन आरंभ करावा, टाळ्या वाजवाव्यात, पाय आपटावेत, टोमणे मारावेत. बसलेल्याला मोजकंच बोलायची मुभा. का? कारण सिद्ध नाही. त्यावरून ठरत नाही. आणि अगदीच कोंडीत सापडला तर: मान्य.

यांगझोमच्या तोंडून 'मान्य' फारसं कुणी ऐकलं नव्हतं. तिला अंगणात 'भिंत' म्हणत. मुली त्या अंगणात बसू लागल्याला फार काळ लोटला नव्हता, आणि आरंभी जे भिक्षू गालात हसायचे, तेच आता तिच्यासमोर उभं राहायची पाळी आली की पाणी प्यायला जायचे.

"यांगझोम-ला," लोदो म्हणाला, नावामागे 'ला' लावून, चांगला आदराने, "मला शिकवाल का? झाड शिकवत नाही."

कारण सिद्ध नाही

शिकवणं सुरू झालं आणि बघता बघता सगळ्या संस्थेला ठाऊक झालं. तिची खोलीतली सोबतीण पेल्मो रोज विचारायची, आज कुठलं सूत्र झालं, गालांचं की डोळ्यांचं? यांगझोम म्हणायची, कारण सिद्ध नाही. पेल्मो म्हणायची, थांब, सिद्ध होईल.

लोदो वाईट शिष्य होता. मुद्दा त्याला समजायचा, पण समोरच्याने मान हलवून नाही म्हटलं की तो लगेच नमतं घ्यायचा. यांगझोमने एकदा वैतागून कारण विचारलं. तो म्हणाला, दर हिवाळ्याच्या सुटीत आई-वडिलांबरोबर सोलापूरला स्वेटर विकायला बसतो, तिथली सवय.

"गिऱ्हाईक नाही म्हणालं की मी खाली येतो. तू नाही म्हणालीस की तसंच होतं बघ."

"म्हणजे पक्षसुद्धा तू अर्ध्या किमतीत विकणार."

"तुला? तुला फुकट देईन."

तिने शेजारच्या पोथीवरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच. आपल्याशी बोलताना तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, 'ला' कधी गळून पडला, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने हरकत घेतली नाही.

मग उन्हाळा आला. गरम वाऱ्यांची लू वाहू लागली, वीज जाऊ लागली, सगळी संस्था ओले पंचे डोक्यावर घेऊन वर्गात बसू लागली. लोदो ग्रंथालयात तिच्यासमोर बसायचा आणि दोघं एका जुन्या टीकाग्रंथातल्या ओळी मिळून लावायची. त्याला वाद येत नव्हता, पण वाचन येत होतं. एखादी ओळ अडली की तो ती हळूच मोठ्याने म्हणायचा, पुन्हा म्हणायचा, लहान मुलाला निजवावं तशी, आणि तिसऱ्या वेळी तिचा अर्थ आपोआप उलगडायचा. त्याचा आवाज ऐकता यावा म्हणून आपण सोप्या ओळीही मुद्दाम अडवतो आहोत, हे यांगझोमने स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पाऊस येऊन गेला. थंडीची चाहूल लागली. आणि बेल्जियमहून फोन आला.

लोदोचा काका तिथे कधीच स्थिरावला होता. आता त्याला पुतण्याला नेता येत होतं. एका गोदामात काम होतं, राहायला जागा होती. एकच माणूस. लोदो नाही म्हणाला तर धाकटा भाऊ जाईल, मग शेत लोदोला बघावं लागेल... पण संस्था सोडावी लागणार नाही, कारण शेत पेरणीला आणि कापणीला बोलावतं, बाकी नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. हे सगळं त्याने गेटबाहेरच्या टपरीवर, लोणी-मिठाच्या चहाचा पेला तळहातांत फिरवत सांगितलं.

"मग काय ठरवलंस?"

"तू विचारत असशील, तर ठरवलेलं नाही."

"आणि दुसऱ्या कुणी विचारलं तर?"

"तर त्याला सांगेन, यांगझोमला विचारून सांगतो."

बोलायची वेळ तीच होती. यांगझोमला ते कळलंही होतं. पण शनिवारी वर्षाचा मोठा वाद होता, ती बसणार होती, डोक्यात सूत्रं भरलेली. आधी तो वाद होऊ दे. मग सांगू. संध्याकाळ लांब असते.

ती म्हणाली, "चहात मीठ जास्त झालंय."

त्यावरून ठरत नाही

शनिवारी अंगण भरलं होतं. आचार्यांपासून स्वयंपाक्यांपर्यंत सगळे. यांगझोम मध्यभागी आसनावर, समोरून एकेक जण उठत होता, टाळी वाजवत होता, आणि हात चोळत परत जाऊन बसत होता. भिंत उभी होती. ऊन कलत होतं. वृद्ध गेन-ला, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, डोळे मिटून माळ ओढत होते. शिष्या नीट बसली की ते डोळे मिटत.

शेवटी गमतीचे प्रश्न विचारायची प्रथा आहे. कुणीही उठावं. मागच्या रांगेतून लोदो उठला. अंगणात खसखस पिकली. तो पुढे आला, मफलर सोडून खांद्यावर टाकला आणि टाळी वाजवली. चांगली टाळी होती. तिने शिकवलेली.

"धी! विषय आहे लोदो. त्याने परदेशी जाऊ नये. का, तर त्याचा अभ्यास अर्धवट आहे."

पेल्मोने तोंडावर हात ठेवला.

"त्यावरून ठरत नाही," यांगझोम म्हणाली. "राजपुत्रानेही संसार अर्धवटच टाकला होता."

हशा. लोदोही हसला. पुन्हा टाळी.

"जाऊ नये, का, तर त्याच्या आईला कॅम्पात आधार उरणार नाही."

"त्यावरून ठरत नाही. धाकटा मुलगा तिच्यापाशी आहे, आणि तिच्या गुडघ्यांवरचा इलाज मक्याच्या पैशातून होत नाही. थोरला गेला तर ती चालेल."

कुणीतरी 'वा' म्हणालं. लोदोचा हात हवेतच थोडा थांबला. हे त्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं, आईच्या गुडघ्यांचं. मग तो आणखी एक पाऊल पुढे आला. या वेळी टाळी वाजलीच नाही, तळहात फक्त एकमेकांवर टेकले.

"जाऊ नये, का, तर इथे एकजण आहे. तिला सोडवत नाही. आणि त्यालाही."

"कारण सिद्ध नाही." हे तिच्या तोंडून तिच्याआधीच बाहेर पडलं.

"सिद्ध करायला साक्षीदार लागतो." लोदो आता जवळजवळ कुजबुजत होता, तरी अंगणातल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. "साक्षीदार समोर बसलाय."

भिंतीवरच्या चिमण्या उडाल्या इतका गलका झाला. यांगझोमचे कान तापले. सगळ्यांचे डोळे तिच्यावर, त्याचे डोळे तिच्यावर... आणि तो अजिबात हसत नव्हता. एक शब्द पुरला असता. तो तिला येत होता. जिभेवर होता.

पण वर्षभर न हरलेली भिंत जिभेच्या मागे उभी होती, आणि तिला उत्तर सापडलं. इतकं नेमकं, इतकं देखणं, की ते न बोलणं तिला जमलं नाही.

"समजा, सिद्ध आहे. समजा, दोघांनाही सोडवत नाही. पण सोडवत नाही म्हणजे आसक्ती. आसक्ती हे थांबण्याचं कारण होऊ शकत नाही, ती सोडण्याचं कारण असते. नाहीतर आपण सगळे इथे काय शिकतोय?"

अंगण दणाणलं. भिक्षूंनी मांड्यांवर थापा मारल्या, कुणी टोप्या उडवल्या. फक्त गेन-लांनी डोळे उघडले आणि माळ थांबवली.

लोदो उभा होता. तो खाली वाकला, रीतीप्रमाणे, आणि गर्दीतून मागे निघून गेला.

मान्य

हे ती म्हणाली नाही.

अंगणाबाहेर

नंतर तिला मोमो खावे लागले, शाबासक्या घ्याव्या लागल्या, थोरल्या आचार्यांना तिसरा मुद्दा पुन्हा ऐकवावा लागला. ती सुटली तेव्हा दिवे लागले होते. लोदोच्या वसतिगृहापाशी त्याचा सोबती म्हणाला, तो फोन करून आला आणि लगेच झोपला. उद्या सकाळीच निघतोय, सोलापूरला आई-वडिलांना हातभार लावून तिथूनच दिल्लीला.

सकाळी पुन्हा धुकं. गेटपाशी रिक्षा उभी, आणि वर्गातले सगळे हातात पांढरे खाता, निरोपाला गळ्यात घालायचे ते रेशमी शेले, घेऊन रांगेत. एकेकाने त्याच्या गळ्यात खाता घातला. होता होता लोदो हनुवटीपर्यंत पांढरा झाला, मग नाकापर्यंत. पेल्मो म्हणाली, आता तुला पार्सलच करायचं राहिलंय. सगळे हसले आणि थंडीत पाय आपटत आत गेले. यांगझोम मुद्दाम शेवटी राहिली होती.

खाता तिच्या दोन्ही हातांवर पसरलेला होता. तो तिने गळ्यात घातला नाही.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

लोदोने तोंडावरचे खाता खाली ओढले. त्याचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली.

"कालच काकांना हो म्हणालो, यांगझोम. पा-लांनी सोलापुराहून फोन करून कॅम्पात सगळ्यांना सांगितलंय. धाकट्याने शेत पत्करलं. आमा म्हणाली, आता मी प्रदक्षिणा घालायला चालत जाईन."

"परत फोन करता येईल."

"येईल." त्याने रिक्षाच्या हँडलवरचं दव बोटाने पुसलं. "पण खरं सांगू? तू जे बोललीस ना, ते मला पटलं. आधी पुष्कळ रडलो. मग तू शिकवलंस तसं एकेक कारण धरून बसलो. आमाचं बरोबर आहे. आसक्तीचंही बरोबर आहे. मला त्यात खोट सापडली नाही."

"मी वाद घालत होते, लोदो."

"मी नव्हतो."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही. त्याने नुसतं इंजिन सुरू केलं. लोदोने मान पुढे केली. आता तिला खाता घालावाच लागला. घालताना बोटं त्याच्या गालाला लागली, गार होते गाल. तिने पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं. गाठ सैल बसली एवढंच ती म्हणाली, आणि ती नीट करत राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. त्याने तिला तेवढा वेळ दिला.

मग धुक्यात आधी रिक्षा गेली, मग तिचा लाल दिवा, आणि सगळ्यात शेवटी आवाज.

दुपारी ग्रंथालयात पेल्मो आणि वर्गातल्या दोघी तिच्यापाशी येऊन बसल्या. पेल्मोने आपली शाल तिच्या खांद्यांवर टाकली. दुसऱ्या दोघींना सकाळचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना कालचा तिसरा मुद्दा हवा होता. असं उत्तर रोज ऐकायला मिळत नाही, पाठ करून ठेवतो, पुन्हा सांग.

यांगझोमने सांगितलं. सोडवत नाही म्हणजे आसक्ती... पहिल्यांदा भरभर, मग त्यांना लिहिता यावं म्हणून हळू. बोलता बोलता ती प्रत्येक शब्दापाशी थांबून आत डोकावत होती, कुठे काही निसटलंय का, कुठे एखादी फट आहे का, जिच्यातून हात घालून त्या माणसाला परत ओढून आणता येईल. त्या दोघींनी माना डोलावल्या. एक म्हणाली, निर्दोष आहे.

"हो," यांगझोम म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.