सात नंबरच्या घरट्याची सकाळ

माझी सकाळ गेली कुठे? शप्पथ सांगते, मी ती स्वतःच्या हातांनी लिहिली होती!

झालं असं. शिरवण्याच्या किनाऱ्यावर माझी आत्याआजी कासवांची घरटी राखते. आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या, कासवांवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ. वाळूतल्या अंड्यांना कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर टोपली पालथी घालतात. पिल्लं बाहेर यायच्या दिवसांत सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ती उचलून बघायची. सात नंबरचं घरटं मात्र खाडीपलीकडे. भरतीला तिथे माणूस पोचतच नाही. म्हणून तिथे खेकड्या ठेवलाय, आमचा आठ पायांचा यंत्रमानव. तो ज्या वेबपानावरून वेळा वाचतो ते पान मी बनवलं होतं, आणि पिल्लं उद्या पहाटे येणार होती.

दुपारी तीनला पान उघडते तर काय! पहिली फेरी: संध्याकाळी ६.३७. दुसरी फेरी: संध्याकाळी ६.३७.

म्हणजे पहाटे वर आलेली पिल्लं दिवसभर टोपलीखाली, तापल्या वाळूत? मी ओरडलेच.

"आत्याआजी, हा संगणक खोटारडा आहे!"

"बघू गं तुझा खोटारडा," ती चष्मा शोधत म्हणाली. "आधी सोपं घेऊ. ही सदतीस मिनिटं कुठून आली?"

"उद्याची तारीख-वस्तू (तारीख आणि वेळ एकत्र सांभाळणारी नोंद) मी आज दोन सदतीसला तयार केली. मग तिचा तास सहा केला."

"मिनिटांबद्दल काही बोललीस?"

"नाही."

"मग ती कशाला हलतील? सेटअवर्स (तास ठरवणारी आज्ञा) सांगू तेवढंच करते. तासापाठोपाठ मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे हजारावे भागही शून्य कर."

केलं. बरोबर सहा झाले, पण दोन्हीकडे संध्याकाळचेच! बाहेर भरती चढायला लागली होती आणि मला रडू यायला लागलं.

"संध्याकाळ कशी बनवलीस?"

"सकाळचा तास सहा केला. मग 'संध्याकाळ म्हणजे सकाळच' असं लिहिलं आणि संध्याकाळचा तास अठरा केला. चोवीस तासांच्या घड्याळात अठरा म्हणजे संध्याकाळचे सहा. सकाळला मी हातसुद्धा लावला नाही!"

आत्याआजी हसायलाच लागली. मला असा राग आला!

"शाल्मली, मला माहेरी काय म्हणतात?"

"प्रमिला."

"आणि लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने कोणतं नाव लिहिलं?"

"वृंदा."

"उद्या वृंदाने केस कापले, तर प्रमिलाची वेणी राहील का?"

तारीख-वस्तू एकच होती! मी तिला दुसरं नाव दिलं, पण दुसरी वस्तू केलीच नाही. संध्याकाळचा तास बदलला तेव्हा सकाळचाही बदलला, कारण बदलायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

"मग प्रत घेऊ? सकाळवरून नवी तारीख-वस्तू बनवायची आणि फक्त तिचा तास बदलायचा?"

"आता कसं बोललीस!"

सकाळी सहा. संध्याकाळी सहा. खेकड्याने नव्या वेळा घेतल्याचा हिरवा दिवा लागला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओटीवर बसून संगणकावर खेकड्याच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यांतून बघत होतो. ठीक सहाला टोपली उचलली गेली. आधी एक डोकं वर आलं, मग दोन, मग एकदम वीस! मी त्र्याऐंशीपर्यंत मोजली. शेवटचं पिल्लू थोडं थबकलं आणि लाटेत शिरलं.

"यातल्या माद्या पंधराएक वर्षांनी इकडेच अंडी घालायला येतील बहुतेक," आत्याआजी हळूच म्हणाली. "तेव्हा खेकड्या नसेल. मीही नसेन कदाचित."

मला एकदम भरून आलं. मी तिचा हात घट्ट धरला. मग मी वेबपानाची आज्ञावली उघडली आणि त्या ओळीशेजारी टीप (संगणक सोडून देतो, पण माणसं वाचतात असा मजकूर) लिहिली:

"इथे सकाळची प्रत घेतली आहे. ही ओळ काढू नका. पिल्लं पहाटे येतात. – प्रमिला ऊर्फ वृंदा, आणि शाल्मली."