सातवा कंदील

दुधाचे रिकामे खोके सात, धुऊन वाळवलेले. मासळीच्या पाकिटांतली थर्माकोलची तबकं सात. वापरून धुतलेल्या चॉपस्टिक्स अठ्ठावीस. सरकत्या दाराच्या चौकटीला लावून उरलेल्या पातळ कागदाची एक गुंडाळी. मेणबत्त्या सात. सोळा ऑगस्टच्या दुपारी वस्तीच्या सभागृहात आमच्या टेबलावर एवढं सामान होतं. कंदील सहाच व्हायचे होते. सातव्याचं सामान मी गुपचूप घातलं होतं.

"मिझुहो, खिडक्या कापतेस की चाळण करतेस?" शेजारचे हिराता आजोबा म्हणाले. "एवढ्या भोकांतून तुझे वडील पळून जातील."

"जिवंतपणी तरी कुठे घरात टिकायचे!" आई म्हणाली, आणि वडिलांचं नाव कागदावर लिहू लागली.

मेलेल्यांसाठी नदीत कंदील. दूर गेलेल्या जिवंत माणसासाठी घरी झाकलेलं जेवण. आमच्याकडची रीत अशी. माझा भाऊ कोहेई तीन वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. आई रोज सकाळी त्याच्या जागी गरम भाताचा वाडगा झाकून ठेवते. दहा मिनिटांनी झाकण उचलते. आतून थेंब असले की म्हणते, "बरा आहे," आणि मगच स्वतः जेवते. गुडघ्याचं ऑपरेशन तिने दोनदा टाळलं. इस्पितळात गेल्यावर वाडगा कोण ठेवणार?

"मी ठेवीन ना."

"तू ठेवशील गं. पण तुला तिथे नुसतं पाणी दिसतं."

पाणीच होतं ते. गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब येणारच. हे कधीतरी थांबायला हवं होतं. कंदील समुद्रात गेला की आईला सांगायचं, असं ठरवून सातव्या कागदावर मी कोहेईचं नाव लिहिलं.

संध्याकाळी आई दुखऱ्या गुडघ्यामुळे वरच बाकावर बसली. मी घाटाच्या पायऱ्या उतरले. पदवीच्या प्रकल्पासाठी मी इथला प्रवाह मोजला होता: सेकंदाला तीस सेंटिमीटर, समुद्राकडे. भोवरा नाही. वाराही पडलेला होता. सहा कंदील ओळीने गेले.

सातवा थोडा पुढे गेला आणि पायरीशी परत आला.

मी ढकलला. तो पुन्हा आला. ज्योत जराही हलत नव्हती.

"कुणाचा गं तो?" आजोबांनी विचारलं.

"कुणाचा नाही. जास्तीचा झाला."

"मग राहू दे की. जायचं नाही त्याला."

मी त्यांच्या हातातली बांबूची काठी घेतली आणि जोर लावला. रिकामा खोका, तबक, मेणबत्ती. सगळं मिळून शंभर ग्रॅमही नाही. काठी वाकली.

मग समोरचा जोर एकदम संपला. कंदील सरळ निघाला आणि सहाही कंदिलांना मागे टाकून नदीच्या मुखाशी दिसेनासा झाला.

आईला मी काही सांगितलं नाही.

सकाळी तिने झाकण उचललं. आतून बोट फिरवलं. बोट पाहिलं.

"भात गार होता का गं?"

वाडग्यातून वाफ निघत होती.

"हो," मी म्हणाले.

तिने झाकण परत ठेवलं. ती जेवली नाही.

दुपारी ती झोपल्यावर मी नवा भात लावला. दोन सारखे वाडगे, दीडशे-दीडशे ग्रॅम, सारखी झाकणं. एक माझ्या जागी, एक कोहेईच्या. दहा मिनिटं. झाकणांचं वजन आधी आणि नंतर केलं. मग वाडगे आणि झाकणं अदलाबदल करून सगळं पुन्हा केलं. असं सहा वेळा.

माझ्या जागी, सरासरी: ०.६ ग्रॅम पाणी.

कोहेईच्या जागी, सहाही वेळा: ०.० ग्रॅम.