कणकुंबीच्या बाईंची रिकामी खुर्ची

कॅमेरे सुरू झाले तरी बाळाबाईंची खुर्ची रिकामीच होती.

माधवीने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. बेळगावातल्या 'सीमातरंग' या केबल वाहिनीवर 'सकाळची बैठक' तीच चालवायची. आजचा विषय तिने कालच जाहीर केला होता: कणकुंबीच्या जंगलातलं रिसॉर्ट आणि आटलेला गावचा झरा. रिसॉर्टचे मालक धवल वेळेआधीच येऊन बसले होते. त्यांच्यासमोर बसायच्या होत्या, गावासाठी भांडणाऱ्या बाळाबाई.

कानातल्या यंत्रातून संपादक केशव सरांचा आवाज आला. "बाईंचा फोन बंद आहे. सुरू कर. सांग लोकांना, त्यांनी माघार घेतली."

माधवीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"बोल, माधवी."

ती बोलली. केशव सरांच्या शब्दावर तिने आजवर कधी शंका घेतली नव्हती. कॉलेजात असताना त्यांनीच तिला हेरून या धंद्यात आणलं होतं. बेबीकाकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, हातचं जेवून ती पत्रकार झाली होती.

"बाळाबाईंनी माघार घेतलेली दिसते," ती कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली. धवल हसले. "खरं बोलायचं असतं तर आल्या असत्या की."

कार्यक्रम संपेपर्यंत ते दृश्य गावोगावच्या मोबाईलवर फिरू लागलं होतं. बाई पळाल्या. बाई विकल्या गेल्या. खाली शिव्यांची रांग.

केशव सर सेटवर आले. "मनाला लावून घेऊ नकोस. मी काही त्या बाईंना ओळखत नाही. पण लेकीकडे गेल्या असतील, विसरल्या असतील. खेड्यातली माणसं, काय सांगावं?"

तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर विक्रम तावातावाने आत आला.

"आक्का, कुठाय तुमची बाई? गुंजीच्या स्टेशनाम्होरं पहाटेपासनं उभा हुतो."

"गुंजीला? तुला कणकुंबीला पाठवलं होतं ना?"

"मग ह्यो मेसेज कुणाचा?"

त्याने मोबाईल पुढे केला. 'बाळाबाई लेकीकडे गुंजीला मुक्कामाला आहेत. कणकुंबीला जाऊ नकोस. स्टेशनजवळ थांब. माधवी.'

"मी नाही लिहिलं हे."

"नंबर ऑफिसचा हाय. खाली नाव तुमचं हाय, म्हणून गेलतो. मागनं तुम्हाला फोन लावला तर बंद."

"स्टुडिओत होते मी."

ऑफिसचा मोबाईल टेबलावर पडलेला असे. कुणीही उचलावा, वापरावा. काल संध्याकाळी माधवी घरी निघाली तेव्हा आत दोघेच होते. केशव सर आणि साउंडचं काम बघणारा मष्णू. बातमीदार श्रिया निपाणीला गेली होती.

मष्णूचा मेहुणा रिसॉर्टवर कामाला होता. माधवीने आधी त्यालाच गाठलं.

"काल ऑफिसचा फोन तू वापरलास?"

"व्हय. घरला सांगायला. माझा चार्ज नव्हता."

"विक्रमला मेसेज केलास?"

मष्णूने मेसेज पाहिला आणि कसनुसा हसला. "आक्का, माझी सगळी शाळा कन्नडमध्ये. मराठी बोलतो, पण एवढं लिव्हाय मला जमतंय व्हय? वाचतानाच अडखळतो मी."

ते खरं होतं. मष्णू तिला नेहमी आवाजातच निरोप पाठवायचा.

मग एकच माणूस उरत होता. माधवीचं मन ते नाव घ्यायला तयार होईना. तिने विक्रमला गाडी काढायला सांगितली.

कणकुंबीत गाडीतून उतरली तर कुणी ओळख दाखवेना. कट्ट्यावरच्या बायका तिला बघून गप्प झाल्या. बाळाबाई दारातच बसल्या होत्या. ठेवणीतलं धुवट लुगडं आणि डोक्यातलं अबोलीचं फूल तसंच होतं.

"बाळाआक्का, तुम्ही का नाही आलात?"

"कशानं येऊ? उजाडायच्या आत फाट्यावर जाऊन बसले. तुझी गाडी आलीच न्हाय. फोनला तिथं रेंज न्हाय. घरला आले तर पुतण्या म्हणतोय, काकू, किती घेतलं?"

माधवीला मान वर करवेना. "गाडी गुंजीला गेली. तुम्ही लेकीकडे आहात असं कुणीतरी ड्रायव्हरला कळवलं."

"गुंजीला कोण हाय माझं?"

"लेक?"

"रूपाली सांबऱ्याला राहती. जावयाला विमानतळावर काम लागलं, तवाच गुंजीचं घर सोडलं. गावातल्या पोराटोरांना ठाव हाय."

माधवीने तो मेसेज पुन्हा आठवला. म्हणजे मेसेज लिहिणारा गावातला नव्हता. पण बाळाबाईंना गुंजीचं घर सुटायच्या आधीपासून ओळखत होता.

"लेक गुंजीला होती तेव्हा शहरातलं कुणी तुमच्याकडे आलं होतं?"

"एक पत्रकार आलता. झरा पहिल्यांदा आटला तवा. समदं लिहून घेतलं, फोटो काढलं. जाताना मला गाडीतनं लेकीच्या दारात सोडलं. वाट बघून दमले, पेपरात छापलं कायबी न्हाय."

"नाव काय त्याचं?"

"कोण इचारतंय नाव? समोर आला तर वळखीन."

माधवीने त्यांना गाडीत बसवलं.

केशव सर केबिनमध्ये होते. माधवीने दार उघडलं आणि बाजूला झाली. बाळाबाई आत आल्या, सरांच्या चष्म्याकडे, चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्हीच की वो," त्या म्हणाल्या. "रूपालीच्या हातचा चहा घेतलासा गुंजीला. मग छापलं का न्हाय?"

सर खुर्चीतून उठले.

"माधवी, हे काय चाललंय?"

"तुम्ही म्हणालात, या बाईंना ओळखत नाही," माधवी म्हणाली. "पण त्यांना लेक आहे हे तुम्ही विक्रम येण्याआधीच बोललात. मलासुद्धा ते माहीत नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्याला लेक गुंजीला आहे एवढंच ठाऊक होतं, सांबऱ्याला गेल्याचं नव्हतं. श्रिया निपाणीला होती. मष्णूला मराठी लिहिता येत नाही. बाळाआक्का आज इथे आल्या असत्या तर आत्ता विचारलं तेच त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं असतं. तेच तुम्हाला नको होतं."

सर पुन्हा खुर्चीत बसले.

"त्या वेळी चॅनल काढायचं होतं," शेवटी सर म्हणाले. "पहिल्या जाहिराती धवलनीच दिल्या. ती बातमी छापली असती तर हे काहीच उभं राहिलं नसतं. तूही नसतीस."

"मग कालच सांगायचं होतं, यांना बोलवू नको."

"तू न विचारता जाहीर केलंस. मागे घ्यायला काय कारण देणार होतो?"

"मेसेजखाली माझं नाव का टाकलंत?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विक्रम मला उलट प्रश्न विचारतो. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे."

माधवीला वाटलं होतं आपण चिडू, ओरडू. तसं काही झालं नाही. आत काहीतरी विझल्यासारखं झालं, तेवढंच.

बाळाबाई तिच्याकडे वळल्या. "यानं सांगितलं, पर बोललीस तू. फोन लागला न्हाय म्हंजे मी पळाले, व्हय? जेवढ्यांच्या म्होरं बोललीस तेवढ्यांच्या म्होरं सांग आता."

"सांगते," माधवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले नाहीत. बैठक ठरल्या वेळी सुरू झाली. बाळाबाई माधवीशेजारी बसल्या होत्या. माधवीने मेसेज वाचून दाखवला, तो कुणी लिहिला ते नाव घेऊन सांगितलं. "आणि खात्री न करता ते बोलले मी," ती म्हणाली. मग बाळाबाई झऱ्याबद्दल बोलल्या. त्यांना कुणी मध्ये अडवलं नाही.

कार्यक्रम संपताच जाहिरात विभागातून फोन सुरू झाले. माधवीने एकही घेतला नाही. मग एक नाव दिसलं आणि तिला घ्यावाच लागला.

"माधवी, बेबीकाकू बोलतेय. यांनी काल रात्रीच टीव्हीची केबल काढून ठेवली, तुझा कार्यक्रम बघता आला नाही बघ. रात्रभर जागे आहेत, काही खात नाहीत, बोलत नाहीत. ऑफिसात कुणी काही बोललं का गं त्यांना?"



"काकू," ती म्हणाली, "मी घरी येते. समोर बसून सांगते."

"ये की. थालीपीठ लावते तुझ्यासाठी."