शिलेदाराच्या वंशात एक नाव जास्त

इंद्रजितचा माणसांवर विश्वास कमी, मायक्रोमीटरवर जास्त. कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप. माप केसभर चुकलं तरी अख्खा लॉट परत पाठवणारा गडी. त्यामुळं भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, एक फेटेवाला म्हातारा फटफटीवरून दारात उतरला आणि "मी सिद्धू हेळवी" म्हणाला, तेव्हा इंद्रजितनं डबा झाकला आणि मनात म्हटलं, आला बघा एक लबाड.

हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या सांगणारा. पूर्वी बैलावर बसून यायचा, नावं म्हणून दाखवायचा, नवी लिहून घ्यायचा आणि सूपभर जोंधळा घेऊन पुढच्या घरी जायचा. पण तो यायचा आटपाडीकडच्या गावी. ते घर सोडून तीस वर्षं झाली होती. मग ह्याला वर्कशॉपचा पत्ता दिला कुणी?

"पत्त्याचं काय एवढं," सिद्धू वहीची दोरी सोडत म्हणाला. "तुमी राया शिलेदाराच्या वंशातलं. सोताचं घोडं घिऊन सुलतानाच्या चाकरीला गेल्याला माणूस. त्याचं आधी ऐका."

"रायाचं राहू द्या हो. सुट्टी संपत आली. लिहायचं ते लिहा."

"मुळापासनं ऐकायची रीत हाय."

"आमच्यात घाईची रीत आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्यानं मुकाट्यानं शाईच्या पेनाचं टोपण काढलं. इंद्रजितला खोडी सुचली. एवढा जाणकार असेल तर पकडेल खोटं. नाही पकडलं तर भोंदू ठरला.

"मुलगी प्रांजल, सात वर्षांची. आणि मुलगा धैर्यशील, आठ."

मुलगा नव्हताच. एकुलती एक प्रांजल, आणि ती म्हणजे त्याचा जीव की प्राण. ती शिंकली तरी हा गडी काम टाकून डॉक्टरकडं पळायचा.

सिद्धूचा हात थांबला. "घरधनी बोलंल ते मी लिवतो. खोडत न्हाई. पुन्यांदा इचार करा."

"लिहा की."

त्यानं लिहिलं. इंद्रजित दिवसभर गालातल्या गालात हसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या रिक्षाचा सिकंदर त्याला चहाच्या गाड्यावर भेटला. चांगला सरळ माणूस, चेष्टा करणारा नव्हे. तो जरा अवघडून म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. पोराला जरा आंघोळ घालून पाठवा की. घोड्याचा लय वास मारतोय. बाकीची पोरं नाक दाबत्यात."

"कुठल्या पोराला?"

"धैर्याला हो. प्रांजलच्या शेजारी बसतंय की!"

इंद्रजितच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ह्या हेळव्यानं सिकंदरलाही फितवलं! संध्याकाळी घरी गेला तर उंबऱ्यापाशी मुलाचे बूट. पांढरट माती लागलेले. सांगलीकडची काळी माती नव्हे ती, आटपाडीकडची. आत स्वप्नाली, त्याची बायको, पोळ्या लाटत होती.

"हे बूट कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? धैर्याचं दप्तरपण फाटलंय, उद्या आणा." तिनं मान वर केली नाही. "आत्ताच दुकानात गेलाय."

तो दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, आत्ताच घरी गेला. घरी आला तर प्रांजल एकटीच अंगणात दोरीशी खेळत होती. दोरीचा फास तिनं मनगटात घातला होता.

"बाळा, खरं सांग. दादा कुठाय?"

"तुमच्या मागं," ती म्हणाली.

तो गर्रकन वळला. मागं कुणी नव्हतं. वास मात्र होता. ओल्या गवताचा आणि घामेजल्या जनावराचा.

"पप्पा, दादा उद्या मला घोडी दाखवणार आहे. पांढरी. तिचा लगाम धरायला कुणीच नाहीये म्हणे."

त्याची आई तानुबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तिनं नाकाला पदर लावला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "जाईल वास. तूबी पयल्यांदा असाच वास मारायचास. म्हैनाभर लागला जायला."

"काय म्हणालीस?"

"काय न्हाई, बाबा."

"आई, मी जन्मलो कधी? दिवस की रात्र?"

"ते तुझ्या बाला ठावं," म्हातारी म्हणाली. आणि बा, म्हणजे नानासो, जाऊन चार वर्षं झाली होती.

रात्रभर त्यानं प्रांजलचा हात सोडला नाही. भीती काय असते ते त्याला त्या रात्री कळलं. सकाळी स्वप्नालीला बजावलं, पोरीला शाळेत धाडू नकोस, नजरेआड करू नकोस, आणि गाडी थेट आटपाडीला काढली.

सिद्धू त्यांच्या जुन्या घराच्या दारातच बसला होता. वाट बघत असल्यासारखा.

"ते नाव खोडा. मी खोटं बोललो."

"ठावं हाय. खोडता येत न्हाई." त्यानं वही पुढं केली. "रायाचं ऐकलं असतं तर बोलला नसता. रायाला एकच लेक. पोरगा नसला तर इनाम जाणार. म्हणून लढाईला निघताना, रिकिबीत पाय ठिवून, त्यानं आमच्या मूळपुरुषाला खोटंच सांगितलं, एक पोरगा बी हाय म्हणून. राया परत आला न्हाई. तिसऱ्या दिवशी घोडी तेवढी आली. लगाम धरून एक पोरगं पुढं चालत हुतं."

"आणि लेक?"

"तिला कुणी पुन्यांदा बघितलं न्हाई. वंश त्या पोराचा."

इंद्रजितनं पानं उलटली. कित्येक पिढ्या, आणि दर पिढीला दोनच नावं. त्यातल्या एकापुढं घोड्याच्या नालाची खूण, आणि त्या नावाखाली पुढं काही नाही. शेवटून दुसऱ्या पानावर नानासोंची मुलं होती. विश्वजित, पुढं नाल. इंद्रजित, पुढं काही नाही.

"विश्वजित कोण?"

"तुमच्या बाचं पोरगं."

"आणि मी?"

सिद्धूनं विश्वजितच्या नावापुढच्या नालावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "तुमच्या बानंबी माझी अशीच परीक्षा घेतली हुती."

इंद्रजितनं शेवटचं पान काढलं. प्रांजल. धैर्यशील. दोन्ही नावं कोरी, खूण कुठंच नाही. त्याच्या जिवात जीव आला. अजून वेळ होता.

त्यानं घरी फोन लावला.

"स्वप्ना, प्रांजलला दे."

"कुणाला?"

"प्रांजलला गं!"

"कोण प्रांजल? अहो, बरं आहे ना तुम्हाला? धैर्या जेवायचा थांबलाय तुमच्यासाठी."

फोनमध्ये मागं कुठंतरी टापा वाजल्या. सावकाश, लांब जाणाऱ्या.

त्यानं खाली वहीकडं पाहिलं.

प्रांजलच्या नावापुढं नाल होता. त्यानं बोट लावलं. शाई ओली होती.

सिद्धूच्या खिशातल्या पेनाला टोपण लागलेलं होतं.